तुळईखालून

शेजारच्या आर्डिसने जुन्या ट्रेलरसाठी परसात शेड बांधायला काढली. गाडीमागे जोडलेल्या त्या चाकांवरच्या घरात ती आणि तिचा नवरा व्हर्लिन दर उन्हाळ्यात चारही मुलांना कोंबून तळ्यावर जायची. व्हर्लिन गेल्यापासून ट्रेलर गवतात उभा होता, आणि आमच्या मिनेसोटाच्या बर्फाने त्याचं छप्पर वाकायला आलं होतं.

खांब रोवायला, पत्रे ठोकायला आम्ही सगळे शेजारी धावलो. मापं मात्र बाईसाहेबांनी कुणाला घेऊ दिली नाहीत. शेवटी टायरमध्ये हवा भरून मी ट्रॅक्टरने ट्रेलर आत रेटला, तर छपरावरचं झाकण दारावरच्या तुळईला अडलं. तिने उंची मोजली होती टायर बसलेले आणि चाकं मातीत रुतलेली असताना!

हवा पुन्हा काढली. तरी बोटभर कमीच.

"तुळई काप आता," मी वैतागून म्हणालो.

"आधी तुझी जीभ काप, ऑर्विल! मुलं चढली की हा ट्रेलर खाली दबायचा. चला, चढा सगळे!"

आठ जाडजूड म्हातारी माणसं, घरून आणलेली जेवणाची भांडी मांडीवर घेऊन, आत दाटीवाटीने बसली. ट्रेलर दबला आणि अलगद आत गेला. आर्डिस खिडकीतून आत बघत राहिली. "उतरू नका इतक्यात," ती म्हणाली. "आतच जेवा."

आता दर उन्हाळ्यात तो बाहेर काढायला आम्ही सगळे लागतो. तुळई फुकट उचलून देतो म्हटलं, तर म्हणते, "मग तुम्ही कशाला याल?"