शेपटाकडच्यांना गहू कशाला

"फडकं सोडा," साहेब म्हणाला.

माझ्या सासूच्या काखेत भाकरीचं फडकं होतं. पाटाचा साहेब दाजींच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. दाजी म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. आम्ही खालच्या फडातली, पाटाच्या शेवटच्या शेतांची माणसं, खाली अंगणात, उन्हात. सासूने माझ्याकडे पाहिलं आणि गाठ सोडली. बाजरीच्या भाकरी. कडा करपलेल्या. वर मिरचीचा ठेचा. बस्स.

साहेबाने काठीच्या टोकाने वरची भाकर उलटी केली. काठीने. माणूस मेलेला साप उलटा करून बघतो तशी.

"हेच खाता ना रोज?"

"हेच, साहेब," सासू म्हणाली. तिच्या आवाजात आशा होती. मला अजून ऐकू येते ती.

"मग झालं तर. बाजरी पावसावर येते. तिला पाटाचं पाणी लागत नाही."

दाजी हसले. साहेबाला म्हणाले, "यांना गहू कशाला, साहेब? यांना सवयच नाही." मग आमच्याकडे वळले. "जा आते घर. व्हई गयं तुमनं काम."

काम झालं होतं खरंच. बंधाऱ्यात पाणी कमी साठतं म्हणून सरकारने पाण्याच्या पाळ्या कापायच्या ठरवल्या होत्या. कुणाच्या कापायच्या एवढंच राहिलं होतं. तेही आमच्या भाकरीने ठरवून टाकलं. रब्बीचं पाणी वरच्या फडांना मिळणार. खालचा फड बंद.

आता हे फडकं तिथे का नेलं होतं, ते सांगते. अंगाचा तिळपापड होतो सांगताना, पण सांगते.

आमच्याकडे जुनी रीत. सरकारपुढे जायचं तर धड लुगडं नेसायचं नाही. डोक्याला तेल लावायचं नाही. आदल्या रात्री सासू म्हणाली होती, "साहेबना म्होरे गरीब दिसनं चांगलं राहास. त्याले दया येस." घरात गेल्या हंगामाचा गहू होता. कणगीत तळाला, पण होता. तिने मुद्दाम बाजरीच्या भाकरी थापल्या. मुद्दाम करपवल्या. साहेबाला दिसावं, पाण्यावाचून आमची काय दशा होईल. सगळ्या फडाने तसंच केलं. कुणी फाटकी बंडी घातली, कुणी अनवाणी आलं. आम्ही भीक मागायचं सोंग घेऊन गेलो आणि त्यांनी आम्हाला भिकारीच धरलं.

फडकं सोडलं तेव्हा माझी बहीण दारात उभी होती. साहेबासाठी पोळ्यांचं ताट घेऊन. गव्हाच्या पोळ्या, वर तूप. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पदर सावरला आणि ताट घेऊन पुढे गेली.

आम्ही दोघी एका आईच्या. एका गावात दिल्या. आक्का मोठी, तिला वरचा फड मिळाला. मी धाकटी, मला खालचा. बापाने तेव्हा एवढंच पाहिलं की बहिणी जवळ राहतील. पाटाचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे, हे त्याने पाहिलं नाही. गोमाई नदीवरच्या बंधाऱ्यातून पाट निघतो. आधी आक्काच्या शेतात जातो. पोट भरून पाणी पिऊन ते शेत सोडतं, मग खाली येतो. आमच्यापर्यंत यायला कधी रात्र उलटते, कधी येतच नाही.

मला आक्काचा हेवा वाटायचा. उगाच गोड बोलणार नाही. मी जळायचे. तिच्या उसाचा हेवा, तिच्या बांधावरच्या केळीचा, तिच्या दारातल्या मोगऱ्याचा. पिण्याच्या हंड्यासाठी आम्ही नदीत झरे उकरायचो, तेव्हा ती मोगऱ्याला पाणी घालायची. दाजींनी सारंगखेड्याच्या जत्रेतून घोडा आणला. तो पाटात उभा करून न्हाऊ घालायचे. ते पाणी आमच्या पाळीचं असायचं. घोड्याच्या अंगावरून ओघळताना मी ते पाहिलं आहे. घोड्याचाही हेवा केला मी. माणसाने किती खाली जावं?

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, दोघी माहेरी जायचो. झोक्यावर बसायचो. आई खापरावर पुरणाच्या पोळ्या टाकायची. आक्काने आणलेला गहू. मी आणलेली मिरची. आई म्हणायची, "मन्ही मोठीना गहू कसा सोनानागत शे." मी पोळी अर्धी ठेवून उठायचे.

त्या दिवशी अंगणातून आम्ही परत निघालो. आक्काने मला मागच्या दाराशी बोलावलं. सुपात गहू होता.

"ले. पोरेस्ले पोया करी घाल."

मी सुपाकडे पाहिलं. चांगला टपोरा गहू. घरी पोरं होती. हात पुढे झाला असता. पण मनात एकच आलं. हा गहू आमच्या पाण्यावर आलाय. आमच्याच पाण्याचा गहू आमच्याच पदरात दान म्हणून घालते ही.

"ठेव," मी म्हणाले. "माले तुन्हा गहू नको, आक्का. मन्हं पाणी पाहिजे."

"मन्हा हातमा काय शे?"

"सूप शे तुन्हा हातमा. ते ली जा मजार."

ती आत गेली. मी घरी आले. सासू चुलीपाशी बसली होती, ते फडकं तसंच मांडीवर. कुणी जेवलं नव्हतं.

फडातल्या पुरुषांची बैठक झाली. ठरलं काय? धुळ्याच्या कचेरीत जायचं. पुन्हा हात जोडून. पुन्हा फाटक्या बंड्या. मी दाराआडून ऐकत होते. सून माणूस, तिथे बोलायची रीत नाही. मी बाहेर आले.

"भाकर दाखाडी ना एकदाव? मिळनं पाणी?"

सासरे खाली बघत राहिले.

"आते फावडा दाखाडू नका," मी म्हणाले.

त्यांना लगेच समजलं. पाटाची कामं ज्याने केली आहेत त्याला समजतंच. पावसाळ्यात पाट गाळाने भरतो. दसरा झाला की सगळं गाव तो उपसतं. रीत अशी, की ज्याने त्याने बंधाऱ्यापासून आपल्या शेतापर्यंत उपसायचं. वरच्यांचं शेत तोंडाशीच. थोडं उकरलं की ते फावडं खांद्यावर टाकून घरी. आम्ही शेवटचे, म्हणून आम्हाला सगळा पाट. बंधाऱ्याजवळची वाळू आम्ही काढायची, धोंडे आम्ही लोटायचे, आणि पाणी पहिलं आक्काच्या उसाला. वर्षानुवर्षं आयत्या बिळावर नागोबा बसले होते, आणि बीळ उकरायला आम्ही होतो.

सासूच पहिली बोलली. मांडीवरचं फडकं झटकून उठली. "सून खरं बोली ऱ्हायनी," म्हणाली. "मन्हा घरनं फावडं निंघाव नही."

दसऱ्यानंतर पाट उपसायला बोलावणारा डफ वाजला. वरची माणसं बंधाऱ्यावर आली. आम्हीही गेलो. सगळे, बायकांसकट. तेल लावून, धड लुगडी नेसून. मोकळ्या हातांनी. काठावर बसलो.

दाजी ओरडले. "फावडा कोठे शेतस?"

"आमले सवय नही," माझी सासू म्हणाली.

वरच्यांनी दिवस ढकलले. स्वतः उतरले, हाताला फोड आले. मजूर शोधले, तर मजूरही आमच्याच फडातले. अंगुळभर पाणी वाळूतून सरकलं आणि तिथेच जिरलं. साहेबाने शिपाई पाठवला, तो दरडावून गेला. आम्ही बसून होतो.

त्या वर्षी खालच्या फडात गहू पेरला गेला नाही. कणगीतला सरला. आखाजीला मी बाजरी खाल्ली, आणि खोटं कशाला बोलू, पोरांची तोंडं पाहून रडले. पण वरच्या फडातला गहूही ओंबीवर आला नाही. पिवळा पडला. आक्काचा मोगरा वाळला. मी रोज मुद्दाम त्या बांधावरून जायचे. बघायचे. मला बरं वाटायचं. वाईट म्हणा मला, चालेल. बहिणीचं शेत सुकताना पाहून मला बरं वाटलं.

पुढच्या पावसाळ्याअखेर आक्का आमच्या दारात आली. पहिल्यांदाच. तिच्या हातात सूप नव्हतं.

"पाट उपसशात ना अवंदा?"

"आमनी पाळी?"

"ते सरकारना हातमा शे, माय. आम्ही काय करसूत?"

"मंग पाट उपसाले सरकारले बलाव."

ती उंबऱ्यात उभी राहिली. तिच्या तळहातावर फोडांचे वण होते. माझ्याही हातांवर तसेच आहेत, पण जुने, लग्न होऊन आले तेव्हापासूनचे. मी तिला बस म्हटलं नाही. पाणी विचारलं. तिने घेतलं, कारण तहान लागली होती. प्यायली आणि गेली.

अजून ती माझी बहीण आहे. अजून मला तिचा हेवा वाटतो, आणि तो मी जाऊ देणार नाही. त्याच हेव्याने मला मान वर करायला लावली, दयेने नाही. साहेब बदलतील. नवा येईल, म्हणेल दाखवा काय खाता. माझ्या घरातलं फडकं आता कुणापुढे सुटणार नाही. आमच्या पोटात काय आहे ते बघून आमचं पाणी ठरत नसतं. पाटात आमचा घाम आहे, त्यावर ठरतं.

फावडं दाराआड उभं आहे. आमच्या बांधाला पाणी लावायचं कबूल होईल, त्या दिवशी ते मातीला लागेल. त्याआधी नाही. गंज चढला तरी नाही.