उभा बैल

फोन कानाला लावणं बाईंना कधी जमलंच नाही. त्या तो ताटलीसारखा तोंडासमोर धरायच्या, स्पीकर चालू करायच्या आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात सांगायच्या, "हॅलो, काळजी करू नका. सगळं सुखरूप आहे." पलीकडचा माणूस आधी "कोण गेलं?" विचारायचा, कारण असं वाक्य दवाखान्यातूनच येतं. मग बाई म्हणायच्या, "संग्रहालयातनं बोलतेय हो. तुमच्या मडक्याचं सांगतेय."

तुम्ही म्हणाल, मडक्याची खुशाली कोण कळवतं? मीही तेच म्हणायची.

संगमनेरातलं आमचं संग्रहालय म्हणजे दोन खोल्या आणि मागं एक अडगळीची. प्रवरेकाठच्या शेतांत नांगराला लागलेली खापरं, मणी, दगडी पाती, मातीची जनावरं, असलं काहीबाही हजारो वर्षांपूर्वीचं. मी तिकीट खिडकीत बसायची आणि झाडूही मारायची. बाई मिशनच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि संग्रहालय सांभाळायला आल्या. शाळा सुटली तरी त्यांच्यातली बाई काही सुटली नाही. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यालाही त्या "नीट उभा राहा" म्हणायच्या.

मग स्लॅब गळायला लागला. एक दिवस छताचा पोपडा थेट मण्यांच्या कपाटावर पडला आणि ट्रस्टनं दाराला पाटी लावली, 'दुरुस्तीसाठी तात्पुरते बंद'. ठेकेदार आला, वर बघून "हं" म्हणाला आणि गेला तो गेलाच. पावसाळे येत राहिले, पाटीचा रंग उडाला. संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते. बंद झाल्यापासून आमचा रोजच सोमवार.

सगळ्या वस्तू आम्ही पत्र्याच्या पेट्यांत भरून मागच्या खोलीत ठेवल्या होत्या. त्या पेट्यांमध्ये खुर्ची टाकून बाई बसायच्या आणि ज्यांनी ज्यांनी वस्तू दिल्या त्यांना फोन करायच्या. नंबर लावायची मी.

"बाई, कशाला हा उपद्व्याप? त्यांना तरी कुठं आठवतंय?"

"आठवत नाही म्हणूनच करायचा," त्या म्हणायच्या. "दार बंद दिसलं की माणूस म्हणतो, आमचं आम्हाला द्या. एक वस्तू गेली की मागोमाग सगळ्या जातील गं. मग दुरुस्ती तरी कशाची करायची?"

यात काही खोटं नव्हतं. ट्रस्टमधले एक गृहस्थ माझ्यासमोरच म्हणाले होते, लोक नेत असतील तर नेऊ द्या, खोल्या दुकानाला देऊन टाकू. बाईंनी ते ऐकलं आणि त्या दिवशी डबाही उघडला नाही.

शेजारच्या अकोले तालुक्यातली एक म्हातारी होती, तिनं दगडी पाटा दिला होता. ती म्हणायची, "माजा पाटा बरा हाय, पर माजं गुडघं बरं न्हाईत. त्येंला कुटं ठिऊ?" बाई तिला एरंडेल चोळायला सांगायच्या. कोणाची गाय व्यायची, कोणाच्या सुनेला माहेरी जायचं असायचं, सगळं त्या ऐकून घ्यायच्या. मला कंटाळा यायचा. खरं सांगते, जीव नकोसा व्हायचा. बाईही थकायच्या. मध्येच पेटीवर पाय लांब करून "दमले गं बाई" म्हणत डोळे मिटायच्या. मला वाटायचं, सुटले. तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनीच हुकूम यायचा, "लाव पुढचा."

सगळ्यात अवघड घर आबांचं. नदीकाठच्या त्यांच्या रानात मातीचा एक बैल सापडला होता, वितीएवढा, वशिंड असलेला. आबांनी तो आम्हाला दिला खरा, पण अट घालून. दर पोळ्याला सारं घर टेम्पोतून यायचं, बैलाला ओवाळायचं, काचेपुढं पुरणपोळी ठेवायची. दार बंद झाल्यावर आबांचा मुलगा बिथरला. फोनवर मागून त्याचाच आवाज यायचा, "पेटीत कोंडून ठिवायचा तर आपल्या देव्हाऱ्यात काय वाईट हाय? आना माघारी!"

बाईंनी तोड काढली. पोळ्याला बैल बाहेर काढू आणि व्हिडिओ कॉलवर दाखवू. "मी मात्र ओवाळणार नाही हं," त्या मला म्हणाल्या. "आमचे चर्चचे पाळक काय म्हणतील? तू ओवाळ. मी फोन धरते."

पोळ्याच्या सकाळी मी घरून निरांजन आणि नैवेद्य घेऊन आले. फोन लागला. पलीकडं आबांचं सगळं घर ओसरीवर दाटीनं बसलेलं, आबा फेटा बांधून पुढं. बाईंनी पेटी उघडली, आपल्याच जुन्या सुती साडीत गुंडाळलेला बैल उलगडला आणि त्यांचा हात थांबला. डावं शिंग मुळातून तुटून साडीच्या घडीत पडलं होतं.

मी हळूच म्हटलं, "बाई, उजवी बाजू दाखवा. कळणार नाही."

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी निरांजनाची वात नीट करायला लागले. मग त्यांनी फोन सरळ बैलासमोर धरला. वर्गातला तो आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"आबा, शिंग मोडलंय. माझ्या हातून झालं. पेटीचं झाकण दाबलं गेलं वरून."

मुलगा ताडकन उठला. "मी सांगत हुतो का न्हवतो?"

आबांनी त्याला हातानंच बसवलं. "आसं कसं दाबलं? आडवा न्हवता का ठिवला?"

"नाही. उभा ठेवला होता." बाईंनी तुटलेलं शिंग उचलून तळहातावर घेतलं. "तुम्हीच म्हणाला होतात, बैल आडवा पडला म्हणजे दुखणं. मला तो आडवा ठेववेना."

अगं माझे आई! येशूची लेकरं म्हणवणारी ही बाई, आणि मातीच्या बैलाला आजार नको म्हणून त्याला पेटीत उभा करून ठेवते. बाकीची खापरं कशी निमूट आडवी पडली होती. हसू की रडू, मला कळेना.

आबा पडद्याजवळ सरकले आणि बैल न्याहाळू लागले. मग आबांनी विचारलं, "आत्ता उभा हाय न्हवं?"

"आहे."

"मंग ववाळा की. निवद निवतोय."

मी ओवाळलं. बाई फोन निरांजनाच्या इतक्या जवळ नेत होत्या की पलीकडच्यांना काय दिसलं असेल देव जाणे.

त्याच वर्षी थंडीत बाई गेल्या. साधं खोकल्याचं दुखणं, छातीत उतरलं. संग्रहालय बंदच होतं, आजही आहे. त्यांच्या फोनवरून मीच सगळ्यांना कळवलं, आणि 'सगळं सुखरूप आहे' हे पहिल्यांदाच सांगायचं नव्हतं.

मातीला चर्चची माणसं होती, शाळेतल्या जुन्या मुली होत्या, आणि एका बाजूला टोप्या-फेट्यांचा एक घोळका. पाळकसाहेबांनी त्यांना अदबीनं विचारलं, "आपण नात्यातले का?"

एक जण म्हणाला, "आमचा रांजन हाय बाईंकडं."

पाळकसाहेब माझ्याकडं बघत राहिले. माझं लक्ष भलतीकडंच होतं. बाई नाहीत, आता हे सगळे मागणार, या धास्तीनं मी आधीच अर्धी झाले होते. आबांचा मुलगा जवळ आला तशी मी म्हटलं, "बैल न्यायचाय का?"

तो चिडलाच. "मातीला आलोय ताई, बैल न्यायला न्हाई. ऱ्हाऊ द्या तितंच."

तिथं मला रडू फुटलं. दोन दिवस आलं नव्हतं.

गीत झालं, प्रार्थना झाली. एकेक जण पुढं होऊन कबरीत मूठभर माती टाकत होता. आबांची पाळी आली. ते खाली बसले, ढिगातून मूठ भरली, पण टाकली नाही. ढेकूळ चिमटीत फोडलं, माती तळहातावर पसरली आणि बोटानं सारत, डोळे बारीक करून बघायला लागले. शेतात मातीत हात घातला की फेकण्याआधी बघायचं, खापराचा तुकडा असला तर बाजूला ठेवायचा, ही सवय या माणसांना बाईंनीच लावली होती.

मागं रांग थांबली होती. आबांनी सगळी माती बघितली. तिच्यात काही नव्हतं. मग त्यांनी ती हळूच खाली सोडली.