पडद्याआडचं बोट

आमच्या जेठजींइतका थकलेला माणूस अख्ख्या खानदेशात झाला नाही, आणि तितका चिवटही. घरचं सरकीचं दुकान सोडून ते धुळ्याच्या एका रक्तपेढीत नोकरी करत. चालत ते सुस्कारे टाकत, जेवत ते डोळे मिटून. पण अंगणातल्या पपईपुढे अंगात वारं शिरे. हिरव्या फळाला ब्लेडने चिरा पाडायच्या नि ठिबकणारा चीक बशीत धरायचा. त्या घरात बिनजखमेची पपई मी पाहिली नाही. "तांबड्या पेशीवर रक्तगटाच्या खुणा असतात," ते थकून सांगत, "पण कुठली खूण कुठल्या प्रथिनावर? चिकाने प्रथिन कुरतडलं नि खूण गेली, तर ती त्याच्यावरच होती. नाही गेली, तर शोधा पुढे."

प्रयोगाला रक्त घरच्यांचं, दर रविवारी. मी नवी सून, आमच्या बोलीत बिंदणी. आम्हा मारवाड्यांत जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, तोंड दाखवायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही. म्हणून पडद्याआडून फक्त बोट बाहेर. सुई दिसली की मला घेरी येते, असं माझं मीच ठरवलेलं, कारण नाजूक दिसायची भारी हौस! मग माझ्या लाखेच्या बांगड्या नणंदेच्या हातात चढवून, फुटाण्यांच्या पुडीच्या बदल्यात तिचं बोट पुढे करायचं. फुटाणे नसले की माझं. दोघींचा मुख्य गट एकच, त्यामुळे शंका कुणाला येणार?

एका रविवारी जेठजी चक्क हसले. "बिंदणीच्या रक्तातली एक खूण येते नि जाते! चीक न लावता! असं प्रथिन कुणी पाहिलं नसेल!" मुंबईच्या प्राध्यापकांना चार पानी पत्र तयार झालं. तीन दिवस त्यांनी एक सुस्कारा टाकला नाही.

पत्र टाकायला ते चपला घालत होते. मी पडद्याआडून त्यांच्याशी जन्मातलं पहिलं वाक्य बोलले, "जेठजी, बोटं दोन होती," आणि माझ्या हातासोबत नणंदेचाही हात बाहेर काढला.

मग चपला काढल्याचा आवाज. "म्हणजे खूण कुठे जातच नव्हती," ते म्हणाले, आणि नेहमीचा सुस्कारा परत आला. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे मी दर रविवारी स्वतःचंच बोट दिलं. घेरी एकदाही आली नाही. काही वर्षांनी परदेशात कुणीतरी त्या खुणेचं प्रथिन शोधल्याचं त्यांनी वाचलं. "सुटलो," म्हणाले. पण रविवारी सुई घेऊन हजर! पडदा एव्हाना निघाला होता.

"आता काय शोधायचंय, जेठजी?"

"काही नाही. बोट तुझंच आहे ना, तेवढं बघतो."

"माझंच आहे. टोचा."

आता मीही थकले आहे. पपया झाडावर निवांत पिकतात. एकीवरही ओरखडा नसतो, आणि रविवारी ते बघवत नाही.