दाराआडून बोललेलं वाक्य

आज नातीला सुई टोचताना स्पिरिटचा वास आला आणि आसेगावच्या घरातली ती दुपार आठवली. सासऱ्यांना पोटाचा कॅन्सर होता. नर्सबाई दुखणं थांबवायची गोळी घेऊन घरी आली होती. खाटेशी बसून तिने विचारलं, "बाबा, लय दुखते काय?" त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. माझा नवरा म्हणाला, "कायले दुखते त्याईले! नशेची गोळी नोका देऊ बाई, सवय लागते."

मी दाराआड पदर ओढून उभी होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी सासऱ्यांसमोर मी कधी बोलले नव्हते. आमच्यात सून बोलतच नसे. नर्सबाई पिशवी बंद करू लागली.

"मामाजी खोटं बोलून राह्यले," मी म्हणाले. "तुमी सारे वावरात गेले का उशी चावून रडतात."

नवऱ्याने डोळे वटारले. सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच म्हणाले, "दे व बाई गोळी. सून खरं सांगते."

त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत झोपले. मला मात्र कितीतरी दिवस बोलल्याची लाज वाटत होती. आता लाज वाटते ती आधीचा महिनाभर गप्प राहिल्याची.