सरांचा उरलेला शब्द

आमची वस्ती तोरण्याच्या पायथ्याशी. आठवीला वेल्ह्याच्या हायस्कुलात आले तेव्हा इंग्रजी म्हटलं की मी शेवटच्या बाकावर लपायचे. पहिल्याच तासाला दस्तगीर मुलाणी सर वर्गात आले, फळ्यावर इंग्रजीत ‘लाईन’ एवढंच लिहिलं आणि म्हणाले, याचे अर्थ उद्या घेऊन या. शब्दकोशातून आणाल तर बाहेर उभं करीन, माणसांच्या तोंडून आणा, राईट? हा ‘राईट’ त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाला असायचाच. पोरांनी पाठीमागे त्यांचं नाव ‘राईट सर’ ठेवलं होतं आणि ते सरांना चांगलं ठाऊक होतं. ही आमची पहिली ओळख.

दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता बाजार भरला. कुणाच्या घरी लाईन म्हणजे वीज, आणि ती गेलेलीच. कुणाच्या वडिलांची लाईन म्हणजे रेशनची रांग, तर कुणाच्या मामांची ओढ्यावरून शेतात आणलेली पाण्याची. एक मुलगी उठून म्हणाली, ‘सर, पोरं मारत्यात ती पन लाईनच की.’ वर्ग हसून हसून लोळला. सर हसले नाहीत. त्यांनी तोही अर्थ तितक्याच वळणदार अक्षरात फळ्यावर लिहिला आणि हा कोणकोण वापरतं, कुठं वापरतं, असं गंभीरपणे विचारलं. ती मुलगी पुढे इंग्रजीच्या तासाला कधी घाबरली नाही. दर सोमवारी एक साधा शब्द, ही रीत सर निवृत्त होईपर्यंत चालली. आज मी नसरापूरला इंग्रजी शिकवते, तीच रीत चालवते आणि अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून वरिष्ठांची बोलणी खाते.

सर मूळचे भोरचे. वेल्ह्यात एका खोलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. एका पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि आमच्या वस्तीकडची एसटी निघालीच नाही. आम्हा तीन मुलींना सर घरी घेऊन गेले. चाचींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, भाकरी आणि मुगाची आमटी वाढली. खोली एकच, म्हणून सर घोंगडं घेऊन शाळेच्या व्हरांड्यात झोपायला गेले. सकाळी माझे वडील धापा टाकत आले. आम्ही बौद्ध, ते मुसलमान, वस्तीत कोण काय बोलेल याची त्यांना काळजी. सरांनी त्यांना चहा दिला आणि पोरीचं अक्षर सुधारायला हवं, एवढंच सांगितलं. घरी जाताना वडील वाटभर म्हणत होते, ‘मानूस लई सरळ हाय.’ त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी दुसऱ्या कुणाची ऐकली नाही.

इथवर लिहिलं ते सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाला शोभणारं आहे. पुढचं लिहू नका, मंगल प्रसंग आहे, असं ग्रंथ काढणाऱ्या समितीतल्या काहींनी मला सुचवलं. पण ठरलेला सत्कार समारंभ का झाला नाही, हे तुम्ही विचारणारच. मग दबक्या आवाजात कानाकानांत सांगण्यापेक्षा मीच सरळ सांगते.

दीड वर्षापूर्वी सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. राहिला फक्त एक शब्द, राईट. डॉक्टर म्हणाले, असं होतं, जन्मभर जिभेवर घोळलेला एखादा शब्द तेवढा वाचतो. समजतं मात्र सगळं. भूक, कंटाळा, दुखणं, लाज, सगळं आता त्या एकाच शब्दात कोंबून बाहेर काढायचं. ज्यांनी आमच्या बोबड्या इंग्रजीला कधी कुणाला हसू दिलं नाही, त्यांच्यावरच ही पाळी यावी? मला दुःख होण्याआधी राग येतो, आणि तो काढायचा कुणावर हे कळत नाही.

रविवारी मी एसटीने भोरला त्यांच्याकडे जाते. पहिले काही महिने मला काहीच उमगत नव्हतं. हळूहळू कान तयार झाला. चहा हवा असला की शब्द आखूड येतो. टीव्हीचा आवाज नको असला की लांबतो. पुण्याच्या मुलाचा फोन आला नाही की अगदी हळू येतो, दाराकडे बघत. चाची म्हणतात, ‘येकच शबूद ऱ्हायलाय, पन माझ्याशी भांडायला त्येवढा पुरतोय.’ म्हणतात, हसतात आणि पदर डोळ्याला लावतात.

अशात सरांना पंचाहत्तरावं लागलं. माजी विद्यार्थ्यांची समिती झाली. अध्यक्ष माझ्याच वर्गातले, काही वर्षं शहरात काढून परतलेले, आता त्यांचे दोन टेम्पो आहेत आणि तालुक्यात वजन आहे. मन मोठं, यात शंका नाही. ते सगळ्यांना घेऊन सरांकडे आले. भोरमध्ये मोठा हॉल, चाकाच्या खुर्चीतून सरांना मंचावर न्यायचं, शाल, श्रीफळ, फेटा, व्हिडिओ. शेवटी सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील, असं त्यांनी पत्रिकेच्या मसुद्यातून वाचून दाखवलं. रीतच आहे तशी, सर बोलणार कसे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मग त्यांनी वाकून विचारलं, सर, चालेल ना? सर डोळे मिटून म्हणाले, ‘राईट.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी कोपऱ्यात बसले होते. मला सरांचा डावा हात दिसत होता. त्या हाताने कॉटची कड गच्च धरली होती. मी म्हणाले, सर नको म्हणताहेत. अध्यक्ष हसले. ‘बाई, तुम्ही इंग्रजीच्या ना? राईट म्हणजे राईट!’

सरांच्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी हे म्हणावं! गावभर हिंडून एकेका शब्दाचे अर्थ गोळा करणारी हीच पोरं. आणि आता खुद्द सरांच्या शब्दाला ती एकच अर्थ ठेवायला निघाली, आपल्या सोयीचा. बॅनरची ऑर्डरसुद्धा देऊन झाली होती. त्या मंचावर सरांना ध्वनिक्षेपकासमोर बसवलं असतं, सर तो एक शब्द बोलले असते, आणि सगळ्या हॉलने प्रेमाने हळहळून टाळ्या वाजवल्या असत्या. त्यापेक्षा मोठी विटंबना मला सुचत नाही.

मी अध्यक्षांना म्हटलं, खाली बसा, सरांच्या डोळ्यांसमोर बसा, आणि आता ऐकू नका, बघा. मग मी सरांना विचारलं, ‘सर, सत्कार हवाय ना?’ सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ‘राईट.’ मी विचारलं, ‘सर, नकोय ना?’ सर वळले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, ‘राईट. राईट. राईट.’ त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अध्यक्षांनी सरांच्या पायावर डोकं ठेवलं. शहरात राहून कमावलेली त्यांची भाषा गळून पडली होती. ‘सर, म्या ऐकलंच न्हाई तुमचं,’ ते म्हणाले.

म्हणून समारंभ नाही, हा ग्रंथ तेवढा आहे. ज्यांना सरांचा गौरव करायचा असेल त्यांनी शाल आणू नये. दुपारी यावं, फोन खिशात ठेवावा आणि सरांसमोर बसावं.

आता राहिल्या शुभेच्छा. सरांनी शतायुषी व्हावं, असं लिहायची पद्धत आहे. पण झाल्या प्रकारानंतर न विचारता लिहायची मला हिंमत होईना. गेल्या रविवारी मी विचारलंच, ‘सर, तुम्ही शंभर वर्षं जगावं असं लिहू का?’ सरांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘राईट.’ तो आखूड नव्हता, लांब नव्हता, हळूही नव्हता. मी चाचींकडे पाहिलं. त्यांना तो कळला असावा, कारण या वेळी त्या न हसताच पदर डोळ्याला लावून आत गेल्या.

मी चाचींना अर्थ विचारला नाही, आणि शंभर वर्षांचंही लिहीत नाही. सरांना हवं तेवढं आयुष्य लाभो. जेवढं लाभेल तेवढ्यात त्यांच्यासमोर रोज कुणीतरी बसलेलं असो.