हेस्टर थ्वेटने धरलेला डूख

स्केलबेक गावातली एकूण एक पाटी हेस्टर थ्वेटच्या हातची. खाटकाच्या दुकानावरची, गुत्त्यावरची काळ्या मेंढ्याच्या चित्राची, चर्चबाहेरची, सगळ्या. वय त्रेसष्ट, पण हात कापत नाही. ती कमी बोलते आणि काहीही विसरत नाही. अशा बाईशी वाकडं घेऊ नये, हे यॉर्कशरमधल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. डेरिक ऑल्डरसनला मात्र एकेचाळीस वर्षांत कळलं नाही.

झालं होतं असं. १९८३ साली खोऱ्याच्या क्रिकेट चषकाचा अंतिम सामना होता. स्केलबेकचा एक खेळाडू आदल्या दिवशी गवत कापायच्या यंत्रात पाय अडकवून बसला, आणि संघात उरले दहा. डेरिक तेव्हा कप्तान. हेस्टरचे वडील गावचे पाट्या रंगवणारे आणि क्लबची धावांची वही लिहिणारे. त्यांची बावीस वर्षांची पोर भावांबरोबर नेटमध्ये ऑफस्पिन टाकायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "वेणी टोपीत कोंब आणि सीमारेषेवर गप उभी राहा," डेरिक म्हणाला. पुढे गोलंदाजांची पार धुलाई झाली, तेव्हा झक मारत त्याने चेंडू तिच्याकडे फेकला. हेस्टरने एकोणीस धावांत सात जण उडवले. चषक गावाला मिळाला.

वही लिहायची वेळ आली तेव्हा डेरिक तिच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. नियमात 'अकरा पुरुष' म्हटलंय, चषक परत जाईल. खेळाडूचं नाव ठरलेलं नसलं की संघाच्या यादीत 'ए. एन. अदर' लिहायचं, म्हणजे कोणीतरी आणखी एक, अशी त्यांच्याकडची जुनी रीत. वडिलांनी मान खाली घालून तेच लिहिलं. मॅन ऑफ द मॅचचा कथलाचा मग डेरिकने स्वतः घेतला. "मॅन म्हटलंय, पोरी. मी तरी काय करू?"

आणि त्या हिवाळ्यात पॅव्हेलियनमधल्या सन्मानफलकावर सोन्याच्या वर्खात 'ए. एन. अदर, १९ धावांत ७' ही अक्षरं कोणी काढली? वडिलांच्या हाताखाली शिकणाऱ्या हेस्टरने. स्वतःचं नाव स्वतःच्या ब्रशने पुसायला लावलं तिला. त्या दिवशी तिने जो डूख धरला, तो सोडला नाही. दर शनिवारी डेरिक पॅव्हेलियनच्या बारमधल्या आकड्यावरून तो मग काढून तिच्यासमोर बिअर ढोसायचा, त्यामुळे डूख ताजा राहिला.

गेल्या वर्षी लीगचं पत्र आलं. फलकांवर यापुढे बॅट्समन नको, बॅटर लिहा. मॅन ऑफ द मॅच नको, प्लेअर ऑफ द मॅच लिहा. डेरिक आता क्लबचा अध्यक्ष. सभेत त्याने टेबलावर मूठ आपटली.

"हे काय नवीन खूळ? शंभर वर्षं मॅन म्हणतोय आपण. त्या शब्दाने आजवर कुणाचं काय वाकडं झालं? एक बाई दाखवा, एक!"

अर्धं गाव हेस्टरकडे बघायला लागलं. बाकीचं अर्धं चहाच्या कपात बघत होतं.

हेस्टर उठली. "लीगची 'अकरा पुरुष' ही अट तर कधीच गेली, आता बायकाही खेळतात. मग त्र्याऐंशीच्या ओळीत माझं नाव लिहा. एवढंच मागते."

"वहीत आहे का?" डेरिकने विचारलं.

"नाही. का नाही, ते तुला माहीत आहे."

"मला? एवढी वर्षं झाली, हेस्टर. काही आठवत नाही बघ. स्मरणशक्तीचा काय भरवसा?" असं म्हणून तो हसला.

त्या संघातले बाकीचे काही देवाघरी गेले होते, काही स्पेनला. समितीने निर्णय दिला की वहीत जे आहे तेच फलकावर येईल. अध्यक्षांनी स्वतः ग्वाही दिली तरच बदल होईल. क्लबची नवी चिटणीस टॅमसिन, जी महिला संघाची कप्तानही आहे, ती रागाने लाल झाली होती, पण तिच्या हातात काही नव्हतं. नवा फलक रंगवायचं काम अर्थात हेस्टरलाच मिळालं. ती घरी गेली. आनंदात होती, असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही.

एप्रिलमध्ये हंगामाच्या पहिल्या शनिवारी सगळं गाव पॅव्हेलियनमध्ये जमलं. अंड्याची सँडविचं होती, डेरिकचं भाषण होतं. त्याने फलकावरचं हिरवं कापड ओढलं, आपली ओळ शोधली, आणि त्याचा चेहरा पडला.

१९८३. कप्तान: ए. एन. अदर. प्लेअर ऑफ द मॅच: ए. एन. अदर. उत्कृष्ट गोलंदाजी: ए. एन. अदर, १९ धावांत ७.

"हा काय चावटपणा आहे? कप्तान मी होतो!"

"असशील बाबा," हेस्टर म्हणाली. "मला काही आठवत नाही. स्मरणशक्तीचा काय भरवसा?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. डेरिकचे कान तापले.

"मी होतो! नाणेफेक मी केली! गोलंदाजी मी बदलली!"

"बदललीस? कोणाला दिला चेंडू?"

"तुला! तुला दिला, ह्या हाताने! मी दिला नसता तर कुठल्या सात विकेट काढणार होतीस गं तू?"

काय बोलून बसलो ते डेरिकला कळलं, पण तोवर टॅमसिनची पेन्सिल चालली होती. "अध्यक्षांची ग्वाही," ती लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाली, "दोनशे जणांसमोर."

हेस्टर स्टुलावर चढली. गोलंदाजीच्या रकान्यात नखाने एक कोपरा उचकटला आणि रंगवलेली कागदी पट्टी सरकन ओढून काढली. खाली सोन्याचा वर्ख लखलखत होता: एच. थ्वेट. दुसरी पट्टी काढली, प्लेअर ऑफ द मॅचची. तिथेही एच. थ्वेट. वडिलांनी शिकवलेल्या वळणाची अक्षरं होती ती. तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला म्हणून ती जरा जास्तच सावकाश खाली उतरली.

डेरिक तिसऱ्या रकान्याकडे बघत थांबला होता. "आणि माझी पट्टी?"

"तिथे पट्टी नाही, डेरिक."

"म्हणजे?"

"तो पक्का वर्ख आहे. वरून वार्निशचे तीन हात दिलेत. बदलून हवा असेल तर समितीला अर्ज कर." तिने ब्रशची पिशवी खांद्याला लावली. "मला एकेचाळीस वर्षं लागली. तुला लवकर मिळो."

मग ती बारपाशी गेली, आकड्यावरचा कथलाचा मग काढला आणि बारमागे शिरलेल्या टॅमसिनपुढे ठेवला.

"दोनदा धू गं," ती म्हणाली, "आणि काठोकाठ भर."