साडूने अडकवलेला धवला

जगातल्या सगळ्या आवाजांना मरण आहे. आमच्या साडूच्या तावडीत सापडलेल्यांना तेवढं नाही. बेलवलीतल्या त्याच्या घरी कुकरची शिट्टी वाजायच्या आत हा माईक घेऊन ओट्यापाशी हजर असे, आणि मेहुणी गॅस बंद करायला गेली की ओरडे, "थांब गं, सूर चढतोय!" सूर चढे, डाळ करपे. मग लॅपटॉपमध्ये त्या शिट्टीचं डोकं-शेपूट कापलं जाई आणि मधला तुकडा घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत राही. त्यावर दाराच्या कडीचा तुकडा, त्यावर शेजाऱ्यांच्या शिंकेचा. याला तो लूप म्हणे. आधी काही ठरवायचं नाही, बोटाला सुचेल ते दाबायचं, हा त्याचा बाणा.

लॅपटॉप उल्हासनगरातून जुना घेतलेला. वजनाने पाटा, तापला की तवा. दुकानदार म्हणाला, "साईं, आँख बंद करके ले जाओ," आणि याने खरंच डोळे मिटून घेतला. तो आतल्या पंख्याचा आवाज ऐकत होता! आनंदनगरच्या कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेससमोर हा असा डोले की सुपरवायझरने चक्कर समजून त्याला साखरपाणी पाजलं. भंगारवाल्याला गल्लीत अडवून म्हणे, "भाईसाब, एक बार और बोलो, जरा खींच के." "भंगार देना है कि नहीं?" तो बिचारा विचारी. हा तेही रेकॉर्ड करी. पुढे भंगारवाल्याने गल्लीच बदलली.

अशात बदलापूर गावात आमच्या मेहुण्याची हळद ठरली. हळदीला धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, हवाच, आणि धवला म्हणावा तर आमच्या बायकांच्या आत्यानेच. धवल्यात जे सांगतील ते बायकांनी करायचं. गाणं पुढे सरकेपर्यंत हात थांबवायचा नाही. पण आजारपणात आत्याचा आवाज बसला होता. "गला गेला, आता कसली धवलारीन? मी नाय येत," म्हणून ती रुसून बसली. भाच्याची हळद आणि आत्या घरी! साडू तिच्या पायाशी जाऊन बसला. "आत्या, तुम्ही हळू म्हणा, मंडपभर मी करतो." दुपारी तिच्या चुलीपाशी बसून त्याने एकेक ओळ जमवली. तेव्हा कुठे ती यायला कबूल झाली.

हळदीला स्पीकरवर खाली प्रेसचा धडाका, मध्ये कुकर, आणि वर आत्याचा आवाज: "लावा गो बायांनो, नवऱ्याला हलद!" बायका खूश, आत्या कोपऱ्यात ताठ. आणि लॅपटॉपने मान टाकली. पडदा गोठला, ओळ मात्र फिरत राहिली. लावा गो. बायकांनी लावली. लावा गो. पुन्हा लावली. नवऱ्याच्या भुवया गेल्या, कान बुजले. "दाजी, बंद करा, नाकात गेली!" मी वायरीकडे झेपावलो, तर सासूबाई कडाडल्या, "धवला मधीच तोडायचा नाय!" हळद संपली, शेजारून आणली, तीही संपल्यावर कुणीतरी बेसन काढलं. साडू घामाघूम होऊन सगळी बटणं दाबत होता.

शेवटी आत्या उठली. "सरा गो! त्या बयेला फुडचं येत नाय, मला येतंय!" आणि फाटक्या, खरखरीत आवाजात तिने स्वतःच्याच आवाजावर पुढची ओळ म्हटली. हात थांबले. मग तिने अख्खा धवला म्हटला. साडूने बटणांवरची बोटं काढून घेतली होती.

आत्या आता नाही. गावातले लोक हळदीला साडूला बोलावतात, आणि त्याचा नवा लॅपटॉप कधी अडकत नाही. तिच्या सगळ्या ओळी त्याच्याकडे आहेत, तरी तो पहिलीच फिरवत ठेवतो आणि बायकांकडे बघत बसतो. कुणीतरी, लाजत का होईना, पुढची ओळ म्हणेपर्यंत. तोवर नवरा पिवळा होत राहतो.